आयडीई गेला, प्रोग्राम राहिला

व्हिज्युअल बेसिक ६ च्या आयडीईची देखभाल मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २००८ रोजी थांबवली. त्यातले प्रोग्राम मात्र चालत राहिले, कारण त्यांना लागणारी रनटाइम फाइल विंडोजबरोबर पुढेही येत राहिली. थोडक्यात, प्रोग्राम खुशाल चालवा. बदलायचा असेल तर तुमचे तुम्ही बघा.

आपल्याकडे तो बदलायची वेळ १ जुलै २०१७ ला आली. जीएसटी लागू झाला. व्हॅटच्या काळात दुकानदारांसाठी आणि वितरकांसाठी लिहिलेल्या बिलिंगच्या प्रोग्राममध्ये आता सीजीएसटी आणि एसजीएसटी वेगवेगळे दाखवायचे, माल परराज्यात गेला तर आयजीएसटी लावायचा, शिवाय एचएसएन कोड छापायचा. कोड लिहिणे फारसे अवघड नव्हते. अवघड होते ते जुने प्रोजेक्ट नुसते उघडणे.

व्हीबीचे ज्यांनी काम केले आहे त्यांना हे सांगायला नको, पण नव्या वाचकांसाठी सांगतो. फॉर्मवरचे ग्रिड बहुधा बाहेरच्या कंपनीचे, ओसीएक्स स्वरूपातले. त्याची नोंद विंडोजच्या रजिस्ट्रीत. आणि डिझाइन करतानाचा परवाना, ज्या मशीनवर ते विकत घेऊन बसवले त्या मशीनवर. फॉर्मवरची चित्रे आणि याद्या एफआरएक्स नावाच्या बायनरी फाइलमध्ये. हेच प्रोजेक्ट दुसऱ्या मशीनवर उघडले आणि ओसीएक्स सापडले नाही, की आयडीई ग्रिडच्या जागी पिक्चर बॉक्स बसवतो. घाईत कोणी सेव्ह दाबले की मूळ ग्रिडची नोंदही गेली. कमांड लाइनवरून बिल्ड करता येत असे, नाही असे नाही. पण ते आयडीईच्याच ईएक्सई फाइलला ‘मेक’चा पर्याय देऊन. आयडीई नाही तर बिल्डही नाही. मग एक्सपीचे जुने मशीन जपून ठेवायचे किंवा ते जसेच्या तसे व्हर्च्युअल मशीनमध्ये हलवायचे, एवढेच हाती उरत होते. प्रोग्रामची खरी प्रत सोर्स कोडमध्ये नसून त्या मशीनमध्ये होती.

म्हणून व्हिज्युअल बेसिकला नावे ठेवण्याचा मोह होतो. तो आवरावा. १९९१ साली ते आले तेव्हा विंडोजची एक साधी खिडकी उघडायला सी भाषेत पानभर कोड लिहावा लागे. बटण ओढून फॉर्मवर ठेवायचे, त्यावर डबल क्लिक करायचे आणि आतला कोड लिहायचा, या सोयीने कितीतरी लोक प्रोग्रामर झाले. त्याही आधी, १९८३ मध्ये, बोर्लंडच्या टर्बो पास्कलने एडिटर आणि कंपाइलर एकत्र करून ४९.९५ डॉलरला विकायला ठेवले होते. (बोर्लंडचा वारसा आपल्या महाविद्यालयांनी जरा जास्तच निष्ठेने सांभाळला. निळ्या पडद्याचा टर्बो सी++ डॉसबॉक्समध्ये चालवून १९९८ च्या मानकाआधीची सी++ शिकवणे काही ठिकाणी अजून थांबलेले नाही.) तेव्हा तक्रार सोयीबद्दल नाही. बिल्ड कसा करायचा हे ज्ञान प्रोजेक्टमध्ये राहते की आयडीईच्या पोटात, एवढेच विचारायचे आहे.

अँड्रॉइडवाल्यांना हा फरक अनुभवाने कळला. आधी सगळे एक्लिप्सच्या प्लगइनवर चालायचे. मे २०१३ मध्ये गूगलने अँड्रॉइड स्टुडिओ जाहीर केला आणि २०१५ च्या अखेरीस ते प्लगइन वाऱ्यावर सोडले. स्थलांतरात मनस्ताप झालाच. पण त्या निमित्ताने बिल्डचे नियम ग्रेडलच्या फाइलींमध्ये आले, आणि ग्रेडलची कोणती आवृत्ती हवी हेसुद्धा रॅपरमुळे रेपॉझिटरीतच नोंदले जाऊ लागले. स्टुडिओतले रन बटणही शेवटी त्याच ग्रेडलला कामाला लावते. उद्या स्टुडिओ गेला तरी जेडीके आणि एसडीके असलेल्या मशीनवर बिल्ड होईल.

२०१६ मध्ये आलेल्या लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलने ऑटोकम्प्लीट आणि चुका दाखवण्याचे कामही एडिटरबाहेर काढले. प्रत्येक एडिटरसाठी प्रत्येक भाषेचा वेगळा खटाटोप करायची गरज संपली. इथे जरा सावध राहायला हवे. व्हीएस कोडचा मूळ कोड खुला आहे, पण पायथॉनसाठी आपण सवयीने बसवतो ते पायलान्स खुले नाही. मायक्रोसॉफ्टच्या उत्पादनांबाहेर ते वापरायला त्याचा परवाना मनाई करतो. व्हीएस कोडच्या खुल्या कोडवर उभे असलेले एआयचे नवे एडिटर हौसेने घेणाऱ्यांनी आपल्या रोजच्या एक्सटेन्शनचे परवाने एकदा वाचावेत.

फ्रेमवर्कची गत याहून वेगळी. आयडीई बदलला तर सवयी बदलाव्या लागतात, फ्रेमवर्क बदलले तर कोडच बदलावा लागतो. अँग्युलरजेएस २०१० चे. सप्टेंबर २०१६ मध्ये अँग्युलर २ आले ते नव्याने लिहिलेले. जुना कोड त्यावर तसाच चालणार नव्हता. ३१ डिसेंबर २०२१ ला अँग्युलरजेएसची देखभालही संपली. दरम्यान अँग्युलरने दर सहा महिन्यांनी नवी मोठी आवृत्ती आणि प्रत्येकीला १८ महिन्यांचा आधार, असा शिरस्ता पाडला. जँगोची दीर्घ मुदतीची आवृत्ती घेतली तर साधारण तीन वर्षे मिळतात. आपला ग्राहक मात्र प्रोग्राम दहा वर्षे वापरायच्या तयारीने विकत घेतो, आणि एएमसीमध्ये, म्हणजे वार्षिक देखभाल करारात, आपण ‘त्रुटी दुरुस्ती’ एवढेच लिहितो. आवृत्ती चढवण्याचे काम मग कोणाचेच नसते. सुरक्षेतली एखादी मोठी चूक उघडी पडली की रातोरात ते आपले होते, तेही फुकट.

ग्राहक याचे पैसे देत नाही, ही सबब आम्ही पुष्कळदा ऐकतो. ती निम्मीच खरी आहे. कोटेशनमध्ये फ्रेमवर्कचे नाव, त्याचा आधार संपण्याची तारीख आणि आवृत्ती चढवण्याचा वेगळा दर लिहिलेला असेल तर बोलणी तरी होतात. लिहिलेलेच नसेल तर ग्राहक कशाचे पैसे देणार? आणि चार फॉर्म नि दोन अहवालांच्या कामाला अठरा महिन्यांत शिळे होणारे फ्रेमवर्क खरेच हवे आहे का, हेही तारीख लिहिताना आपसूक डोक्यात येते.

हस्तांतराबद्दलही एक सुचवावेसे वाटते. ‘सोर्स कोड दिला’ म्हणून झिप फाइल पाठवून मोकळे होण्याची आपली पद्धत बंद करावी. ग्राहकाच्या माणसासमोर कोऱ्या मशीनवर, आयडीई न बसवता, रीडमीमध्ये लिहिले आहे तेवढेच करून बिल्ड करून दाखवावा आणि बिलाचा शेवटचा हप्ता त्यानंतर मागावा.