कारखान्याच्या मनोऱ्याला शिडी कोण लावणार?

काही वर्षांपूर्वी अकोल्याच्या कामगार न्यायालयात आम्ही एका जखमी कामगाराचा दावा चालवला. माणूस बौद्ध, ठेकेदाराच्या हाताखालचा, जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात रुईच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसवर कामाला. उजव्या हाताची चार बोटे प्रेसमध्ये गेली. आम्ही विचारले, नेमके काय झाले? तो म्हणाला, "वकीलसाहेब, मशीन उभी होती. दार उघडं होतं. म्या अडकलेली रुई काढाले हात घातला, अन् ते आपोआपच चालू झाली."

मालकाच्या बाजूने वेगळीच कहाणी आली. दार उघडे असताना प्रेस चालूच शकत नाही, तशी सुरक्षेची व्यवस्था मशीनच्या प्रोग्रॅममध्ये आहे, म्हणजे कामगारानेच मुद्दाम ती व्यवस्था निकामी केली असली पाहिजे. नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यात मालकाला हा बचाव होता. कामगाराने सुरक्षेचे साधन जाणूनबुजून काढले असे सिद्ध झाले आणि मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आलेले नसले, तर भरपाईची जबाबदारी टळू शकत होती. पुरावा म्हणून कंपनीच्या इंजिनिअरने त्या प्रोग्रॅमची छापील पाने न्यायालयात दाखल केली. आडव्या रेषा, उभ्या रेषा, कंसासारख्या खुणा. आम्ही कायद्याची पदवी घेतलेले, वीस वर्षे वकिली केलेले. त्या पानांतले आम्हाला एक अक्षर कळले नाही.

ती पाने घेऊन आम्ही वस्तीत आलो. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झालेला एक तरुण पुण्याच्या बाजूला कारखान्यात काम करून सुट्टीवर आला होता. त्याने दहा मिनिटे पाने चाळली आणि एका रेषेवर बोट ठेवले. "काका, हे पाहा. दाराच्या स्विचला समांतर दुसरी वाट काढून ठेवली आहे. आता दार उघडं असो की बंद, मशीन चालतेच. काम थांबू नये म्हणून करतात असं."

पुढच्या तारखेला आम्ही इंजिनिअरला फक्त तीन प्रश्न विचारले. ही समांतर वाट प्रोग्रॅममध्ये आहे की नाही? ती टाकायला लॅपटॉप आणि पासवर्ड लागतो की नाही? तो पासवर्ड या कामगाराकडे होता काय? पहिल्या दोन प्रश्नांना होय आणि तिसऱ्याला नाही, अशी उत्तरे आली. भरपाई मिळाली. बोटे मिळाली नाहीत.

विचार करा, कंपनीने आपल्या विरुद्धचा पुरावा स्वतःच्या हाताने न्यायालयात का दिला असेल? कारण आपल्यातले कोणी ती पाने वाचू शकेल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हते. हजारो वर्षे ज्यांना अक्षर शिकू दिले नाही, त्यांच्यासमोर पोथी उघडी ठेवायला भीती कसली? ही नवी पोथी आहे आणि ती वाचता येणे हा आज आमच्या समाजाच्या भाकरीचा आणि सुरक्षेचा प्रश्न आहे.

या पोथीचे नाव पीएलसी. प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर, म्हणजे कारखान्यातील मशीनला हुकूम देणारा छोटा संगणक. बटणे, लिमिट स्विच, सेन्सर यांच्याकडून तो खबर घेतो. दार बंद आहे काय, टाकी भरली काय, गाठीचे वजन झाले काय. मग आत लिहिलेल्या नियमाप्रमाणे तो निर्णय करतो आणि मोटर, व्हॉल्व्ह, प्रेस यांना चालू किंवा बंद करतो. खबर, निर्णय, हुकूम हा फेरा तो सेकंदात कित्येक वेळा घेतो. पूर्वी हे काम रिले नावाच्या शेकडो विद्युत-स्विचांच्या गुंतावळ्याने होत असे. कामाची पद्धत बदलली की सगळे वायरिंग उपटून नव्याने करावे लागे. १९६८ साली अमेरिकेत जनरल मोटर्सने या कटकटीवर उपाय मागितला आणि डिक मोर्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी असा पहिला कंट्रोलर तयार केला.

त्या कंट्रोलरची भाषा मुद्दामच रिलेच्या नकाशासारखी ठेवली गेली, कारण कारखान्यातला वायरमन तो नकाशा आधीच वाचू शकत होता. म्हणजे ही भाषा विद्यापीठातल्या पंडितांसाठी जन्मली नाही, हाताला वायरचे चटके बसलेल्या माणसासाठी जन्मली. दोन उभ्या दांड्या आणि त्यांच्यामध्ये आडव्या पायऱ्या असे तिचे रूप. म्हणून तिचे नाव लॅडर, म्हणजे शिडी.

शिडी हा शब्द ऐकला की 'मूकनायक' आठवल्याशिवाय राहत नाही. ३१ जानेवारी १९२० च्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली. एकेक जात म्हणजे एकेक मजला आणि मजल्या-मजल्यांना जोडणारी शिडीच नाही. कारखान्यातही हाच मनोरा उभा आहे. खाली झाडू, हमाली, गाठी उचलणे. त्यावर ऑपरेटर. त्यावर मेंटेनन्स. आणि सगळ्यात वर, काचेच्या थंड खोलीत पॅनेलसमोर बसलेला माणूस. आमचे किती लोक कोणत्या मजल्यावर आहेत, हे ज्याने त्याने आपल्या गावच्या एमआयडीसीत जाऊन डोळ्यांनी पाहावे.

यंत्र आले म्हणजे जात जाते, असे भाबडेपणाने सांगणारे पुष्कळ आहेत. त्यांना मुंबईच्या कापड गिरण्यांचा इतिहास माहीत नाही. विणाई खात्यात पगार चांगला होता, पण अस्पृश्यांना त्या खात्यात घेत नसत. कारण काय? धोट्यातली कांडी बदलताना धाग्याचे टोक तोंडाने ओढावे लागे आणि आमच्या ओठांनी सवर्ण कामगारांचा धागा बाटत असे! यंत्र विलायतेचे, विटाळ मात्र इथला. १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला, कारण कामगार एकजुटीच्या गर्जनेत तो सोयीस्करपणे बुडवला जात होता. १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, त्यामागेही हाच अनुभव होता.

आज माग बिनधोट्याचे झाले. धागा हवेच्या झोताने जातो, तोंड लावायचा प्रश्नच उरला नाही. विटाळाचे निमित्त संपले. पण आता निमित्त आहे 'स्किल'चे. "तुमच्या पोरांकडे स्किल नाही हो", असे गोड शब्दांत सांगून गेटवरूनच परत पाठवता येते. आणि खरे सांगायचे तर या वेळी आमच्याकडे लगेच देण्याजोगे उत्तर नसते.

हे आम्ही आज का लिहीत आहोत? अमरावतीजवळ नांदगाव पेठला पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्क व्हायचा आहे. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये वर्ध्याच्या कार्यक्रमातून त्याचे भूमिपूजन झाले. तिथे येणारे माग, रंगाईच्या टाक्या, बॉयलर हे सारे पीएलसीवर चालणारे असणार. अकोल्यातल्या डाळ मिलांत डाळीचा दाणा न् दाणा कॅमेऱ्याने पाहून डागी दाणा हवेच्या फुंकरीने उडवणारी यंत्रे आली. जिनिंगमध्ये तर आमच्या डोळ्यांदेखत क्रांती झाली. २००० साली केंद्राने कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केले, जिनिंगच्या आधुनिकीकरणाला अनुदान दिले. पूर्वी कपाशीच्या टोपल्या डोक्यावर वाहून रेच्यांत कपाशी घालायला बायांची रांग लागायची. त्या आमच्याच मायबहिणी होत्या. आता कपाशी हवेच्या नळीतून जाते. टोपली गेली हे चांगलेच झाले, त्या धुळीने कितीजणींची छाती पोखरली. पण टोपलीबरोबर मजुरीही गेली. ज्या बाईचे काम त्या नळीने खाल्ले, तिच्या मुलीला त्या नळीच्या पॅनेलवर बसवायचा विचार शासनाने केला नाही, मालकाने केला नाही आणि चळवळ म्हणवणाऱ्या आम्हीही केला नाही.

मग यंत्रालाच विरोध करावा काय? मुळीच नाही. बाबासाहेबांनी १९४५ सालच्या आपल्या ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना हा मुद्दा निकालात काढला आहे. दोष यंत्राचा नसून यंत्राचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे. माणसाला ढोरमेहनतीतून सोडवून फुरसत आणि संस्कृती देण्याची ताकद यंत्रातच आहे. चरख्याकडे परत जा म्हणणाऱ्यांना डोक्यावर टोपली कधी घ्यावी लागली नव्हती.

आता आमच्या स्वतःच्या व्यवसायाला झोंबणारी गोष्ट. ऑक्टोबर १९४२ मध्ये, व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाल्यावर थोड्याच महिन्यांत, बाबासाहेबांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले. स्वतः बॅरिस्टर असलेल्या या माणसाने त्यात सांगितले की, कला आणि कायद्याच्या शिक्षणाचा आमच्या समाजाला फारसा उपयोग होणार नाही. विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणानेच तो वर येईल. एवढे सांगून ते थांबले नाहीत. सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने यांत आमच्या मुलांना उमेदवार म्हणून घेऊन तंत्रशिक्षण द्यावे, अशी नेमकी मागणी त्यांनी केली. त्या काळात रेल्वेचे कारखाने हेच देशातले सर्वांत पुढारलेले तंत्र होते. जिथे नवे यंत्र, तिथे माझा माणूस, असा त्यांचा हिशेब होता.

आम्ही तो हिशेब विसरलो. आमची पिढी वकील, प्राध्यापक, बँकेतले साहेब झाली. ते आवश्यकच होते. पण पुढच्या पिढीलाही आम्ही एकच रांग दाखवली. डी.एड., बी.एड., पोलीस भरती, स्पर्धा परीक्षा. इर्विन चौकाच्या आसपास अभ्यासिकांत तिशी ओलांडलेली आमची मुले आजही 'जागा कधी निघणार' म्हणून वाट पाहत बसली आहेत. आरक्षण हा आमचा घटनादत्त हक्क आहे आणि त्याची लढाई एक इंचही सोडायची नाही. मात्र जागाच कंत्राटदाराच्या घशात जात असताना दुसरी आघाडी उघडायला नको काय?

ही आघाडी अवघड आहे असे कोणी सांगितले, तर त्याला भीमजयंतीच्या रात्री आमच्या वस्तीत आणावे. विहारासमोरची कमान पाहावी. धम्मचक्राचे आरे एकामागून एक उजळतात, मग निळा झोत, मग सगळे एकदम विझून पुन्हा सुरुवात. हे कोणी केले? दहावी-बारावी झालेल्या वायरमन पोराने, टायमर आणि रिले जोडून. क्रम, वेळ, अट, म्हणजे पीएलसीची निम्मी विद्या त्याच्या बोटांत आधीच आहे. त्याला कोणी सांगितलेच नाही की, याच विद्येवर पारसच्या वीजकेंद्रात कोळशाचा पट्टा चालतो आणि एमआयडीसीत मेंटेनन्सची नोकरी मिळते.

शिकायचे कसे, तेही सांगतो. आधी विजेची मूळ माहिती, कॉन्टॅक्टर, रिले, मोटर स्टार्टरचे वायरिंग. मग शिडीची भाषा. तिचा सराव करण्यासाठी कोडेसिस, ओपनपीएलसी यांसारखी सॉफ्टवेअर फुकट मिळतात, एका साध्या संगणकावर वस्तीतली चार मुले मिळून शिकू शकतात. त्यानंतर एखादा छोटा किंवा जुना पीएलसी, दोन-चार सेन्सर, एक मोटर असा संच. माहितीपुस्तके इंग्रजीत असतात हे खरे, पण शिडी ही चित्राची भाषा आहे, तिला इंग्रजीची भीती बाळगायचे कारण नाही. आणि पहिल्याच दिवशी एक धडा पाठ करून घ्यावा. धोक्याच्या वेळी दाबायचे लाल बटण असे जोडतात की त्यातून प्रवाह सतत वाहत असतो. वायर तुटली, प्रवाह थांबला, तरी मशीन उभी राहते. माणसाचा जीव चुकूनही चुकीवर सोडायचा नाही, असा त्याचा अर्थ. ज्या दिवशी हा नियम मोडला, त्या दिवशी आमच्या अशिलाची बोटे गेली.

आमच्या मागण्या साध्या आहेत. अमरावती आणि अकोल्याच्या शासकीय आयटीआयत कामकरी तरुण-तरुणींसाठी संध्याकाळचे पीएलसीचे वर्ग सुरू करा. समाजकल्याणच्या मुलांच्या आणि मुलींच्या वसतिगृहांत प्रत्येकी एक प्रयोगसंच द्या. अनुसूचित जातींच्या विकासासाठी राखलेला निधी याच कामासाठी आहे, दुसरीकडे वळवण्यासाठी नाही. नांदगाव पेठच्या पार्कमध्ये सवलतीची जमीन, वीज, पाणी घेणाऱ्या प्रत्येक कारखान्याने शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे किती मुले घेतली आणि त्यात अनुसूचित जातींची किती, हे जाहीर करा. यंत्रामुळे काम गेलेल्या मजुराच्या घरातील एकाला त्याच यंत्रावर प्रशिक्षण, ही अट कामगार संघटनांनी आपल्या करारात घालावी.

आणि एक मागणी स्वतःकडे. येत्या जयंतीला डीजेच्या भिंतीतला एक थर कमी करू. त्या पैशात विहाराच्या मागच्या खोलीत एक संगणक आणि एक संच बसेल. आमच्यासाठी ती पाने वाचणाऱ्या त्या तरुणाने सुट्टीत येऊन शिकवायचे कबूल केले आहे. पहिल्या ओळीत आम्ही स्वतः बसणार आहोत, पांढऱ्या केसांची लाज न बाळगता.

१९२७ साली अमरावतीत बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली अंबादेवी मंदिर प्रवेशासाठी परिषद भरली. त्या दरवाजाच्या आत काय होते, याची आज आम्हाला गरज उरली नाही. आजचा दरवाजा कंट्रोल रूमचा आहे. त्याच्या आत आमच्या माणसाची मजुरी ठरते आणि त्याची बोटे शाबूत राहणार की नाही हेही ठरते. मनोऱ्याला शिडी नव्हती, कारण ती कोणी लावू दिली नाही. आता शिडीचीच भाषा शिकून घेऊ, म्हणजे ती लावायला कोणाची परवानगी मागावी लागणार नाही.

जय भीम!