फॉर-ईचवाल्यांनो, जरा थांबा!

"नुसती कॉपीच तर करायचीये, त्यात काय एवढं?" एक्सएसएलटीच्या बाबतीत हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं.

काम साधं असतं. एक्सएमएलमधला एखादाच टॅग बदलायचा, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं. लोक काय करतात? ओळखीच्या टॅगांची यादी काढतात, प्रत्येकावर फॉर-ईच लावतात, आत कॉपी-ऑफ नाहीतर व्हॅल्यू-ऑफ. आउटपुटमध्ये टॅग दिसले की चला, डिप्लॉय! अहो, एक्सपाथ १.० मध्ये नोडचे सात प्रकार आहेत: रूट, एलिमेंट, ॲट्रिब्यूट, टेक्स्ट, कॉमेंट, प्रोसेसिंग इन्स्ट्रक्शन आणि नेमस्पेस. तुमचा लाडका स्टार त्यातलं फक्त एलिमेंट उचलतो.

समजा, औषधाच्या माहितीपत्रकात वाक्य आहे, ‘डोस दुप्पट करू नये’. त्यातलं ‘दुप्पट’ ठळक करायला टॅगमध्ये घातलंय. आता या वाक्याच्या आत स्टार लावून कॉपी करा. उरतं काय? ‘दुप्पट’. बस्स! ‘डोस’ आणि ‘करू नये’ हे टेक्स्ट नोड, ते गेले उडत. ना एरर, ना वॉर्निंग. व्हॅल्यू-ऑफ वापरलंत तर शब्द वाचतात, पण ठळकपणा जातो. आणि ५०० या आकड्याचं ‘मिलिग्रॅम’ ॲट्रिब्यूटमध्ये असेल तर? अप्लाय-टेम्प्लेट्सला सिलेक्ट दिलं नाही तर ते फक्त चाइल्ड नोडवर जातं, आणि ॲट्रिब्यूट हा कुणाचाच चाइल्ड नसतो. नोड() लिहूनही तो येत नाही. नाव ठेवणाऱ्याला काय म्हणावं! असो.

गंमत म्हणजे यावरचा उपाय १६ नोव्हेंबर १९९९ च्या स्पेसिफिकेशनमध्येच छापलाय. मॅचमध्ये @*|नोड(), आत कॉपी, त्याच्या आत अप्लाय-टेम्प्लेट्स, सिलेक्ट पुन्हा तेच. यालाच आयडेंटिटी टेम्प्लेट म्हणतात. आधी हे लिहायचं, मग जे बदलायचंय तेवढ्यापुरतं वेगळं टेम्प्लेट. अख्ख्या रूटवर कॉपी-ऑफ मारून हे जमत नाही, कारण ते सगळं एकगठ्ठा उचलतं आणि आतल्या नोडसाठी तुमची टेम्प्लेट्स चालतच नाहीत.

"पण कॉमेंट वाचतंय कोण?" तुम्ही नसाल वाचत राव. पान कुठे तोडायचं हे छपाईवाल्याने प्रोसेसिंग इन्स्ट्रक्शनमध्ये लिहून ठेवलेलं असू शकतं, आणि बिल्ट-इन नियम या दोघांनाही गुपचूप गाळतो. फेकायचंय ना? खुशाल फेका, पण त्यासाठी रिकामं टेम्प्लेट लिहा. म्हणजे पुढच्या माणसाला कळेल की हे कुणीतरी ठरवून केलंय.

आता कुणीतरी म्हणेलच की क्रोमने २०२५ मध्ये एक्सएसएलटी काढायचं जाहीर केलं, मग कशाला हा घोळ? ते ब्राउझरपुरतं. प्रकाशकांच्या सर्व्हरवर ती अजून राबतेय. २०१७ च्या ३.० मध्ये तर मोडवर शॅलो-कॉपी सांगितलं की एका ओळीत काम होतं. एक्सएसएलटीप्रॉक मात्र १.० वरच आहे, तिथे ते टेम्प्लेट हातानेच लिहावं लागतं. पाच ओळी आहेत. करा टाइप.