फुकटचा ईमेल आणि हरवलेलं दप्तर

गेल्या वर्षी एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या तिच्या अर्जात महाविद्यालयाने चुकीची नोंद केली होती. तिने वेळेत ईमेल करून ती चूक दाखवून दिली होती आणि ‘दुरुस्त करतो’ असं कार्यालयाचं उत्तरही आलं होतं. पुढे महाविद्यालयाने ईमेलची कंपनी बदलली. संस्थेने दिलेलं तिचं जुनं खातं बंद झालं आणि त्यातलं सगळं गेलं. कार्यालयात विचारलं तर सांगण्यात आलं, “आमच्याकडे तशी काही नोंद नाही.” वर्षाचे पैसे मुलीचे बुडाले. ज्यांनी कंपनी निवडली, त्यांचं काहीच बिघडलं नाही.

मोठ्या संस्थेने आपला ईमेल कुठे ठेवायचा, हा प्रश्न आपल्याकडे संगणक विभागाचा मानला जातो. एका खात्याला वर्षाला किती रुपये आणि जागा किती, एवढ्यावर निविदा उघडते आणि मिटते. माझं म्हणणं असं की हा दप्तराचा प्रश्न आहे, आणि म्हणून तो हक्काचा प्रश्न आहे. २००५च्या माहिती अधिकार कायद्याने ‘माहिती’ची व्याख्या करताना ईमेलचं स्पष्ट नाव घेतलं आहे. पण मेलच उरला नाही, तर त्या अधिकाराचं करायचं काय?

आपल्या समाजाला हा धडा नवा नाही. गावगाड्यात सरकारी निरोप पोचवायचा तो महाराने. मयताची बातमी घेऊन गावोगाव पायपीट करायची तीही त्यानेच. कागद मात्र कुलकर्ण्याच्या दप्तरात, आणि त्यात काय लिहिलंय हे विचारण्याची सोय निरोप नेणाऱ्याला नव्हती. या वतनाच्या कायद्यात बदल करण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणलं. त्याआधी १९२० साली ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता, तो याच पुण्यातून. पुढे बाबासाहेबांनी स्वतःचा भारतभूषण छापखाना उभा केला. दप्तर आणि छापखाना दुसऱ्याच्या हाती असला की काय होतं, हे आपण सोसून शिकलो आहोत.

आता पहिला युक्तिवाद बघू: “फुकट मिळतंय, मग घ्यायला काय हरकत?” गूगलने शिक्षणसंस्थांना वर्षानुवर्षे अमर्याद जागा फुकट दिली. फेब्रुवारी २०२१मध्ये धोरण बदलल्याचं जाहीर केलं आणि आधीपासूनच्या संस्थांना जुलै २०२२पासून अख्ख्या संस्थेमागे १०० टेराबाइटची मर्यादा लावली. हजारो विद्यार्थी असलेल्या संस्थेपुढे मग दोनच वाटा उरतात: पैसे भरा, नाहीतर पुसून टाका. आणि पुसायची वेळ आली की आधी कुणाचं पुसलं जाणार? कुलगुरूंचं तर नक्कीच नाही. शिकून बाहेर पडलेल्या पोरापोरींचं.

“आम्ही पैसे भरून घेऊ,” असं कुणी म्हणेल. नायरा एनर्जी या मुंबईतल्या तेल कंपनीनेही पैसे भरले होते. जुलै २०२५मध्ये युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध लादले आणि मायक्रोसॉफ्टने तिची ईमेलसह सेवा थांबवली. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग सेवा परत सुरू झाली. उच्च न्यायालयात वकील उभा करण्याची ऐपत तेल कंपनीची असते. आमच्या त्या विद्यार्थिनीची नसते.

अशा घटनांनंतर स्वदेशीचा गजर सुरू झाला. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची खाती झोहोच्या यंत्रणेवर गेली. त्याचं कंत्राट २०२३चं, सात वर्षांचं. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी गृहमंत्री अमित शहांनी आपला नवा झोहोचा पत्ता जाहीर केला आणि टाळ्या वाजल्या. झोहो चांगली सेवा देतही असेल. पण सावकार गावातलाच आहे म्हणून व्याज माफ होत नाही. मालक अमेरिकेचा की चेन्नईचा, यापेक्षा करारात काय लिहिलंय हे महत्त्वाचं. त्या व्यवहारातली एक गोष्ट मात्र शिकण्यासारखी आहे. पत्ते सरकारचेच राहिले, शेवटी ‘गव्ह डॉट इन’ आणि ‘एनआयसी डॉट इन’. उद्या कंपनी बदलली तरी पत्ता बदलणार नाही. याउलट कित्येक कार्यालयांच्या पाटीवर अजून जीमेलचा पत्ता दिसतो. साहेबांची बदली झाली की पासवर्डही त्यांच्याबरोबर जातो. खासगी ईमेलवरून सरकारी काम करू नये, असं केंद्राचं धोरण २०१५पासून आहे. पण पाटी कोण पुसणार?

मग प्रत्येक संस्थेने स्वतःचा सर्व्हर चालवावा का? मी सरसकट तसं म्हणत नाही. सर्व्हर चालवणं म्हणजे रात्री-अपरात्री बिघाड काढणं, सुरक्षेच्या दुरुस्त्या वेळच्या वेळी करणं, आपले मेल इतरांच्या स्पॅममध्ये जाणार नाहीत हे बघणं. दोन कंत्राटी मुलांच्या जिवावर हे काम टाकलं, तर कंपनी बरी असं म्हणायची पाळी येईल. पण “आपल्याकडे माणसं नाहीत” हे तरी पुण्यात बसून सांगू नका. १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकचं मुख्यालय याच शहरात आहे. हिंजवडीतली मुलं-मुली जगभरच्या कंपन्यांचे सर्व्हर सांभाळतात. माणसं आहेत, त्यांना कायम नोकरी द्यायची दानत नाही.

आणि ईमेलची किंमत पुण्याला वेगळी सांगायला हवी का? एल्गार परिषद प्रकरणात रोना विल्सन यांच्या संगणकात जून २०१६मध्ये एका ईमेलमधून घातक सॉफ्टवेअर शिरलं आणि पुढे त्यातून पत्रं पेरली गेली, असा निष्कर्ष आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी संस्थेच्या अहवालात आहे. तो २०२१मध्ये उघड झाला. तपास यंत्रणेला तो मान्य नाही. विल्सन यांना जामीन मिळाला जानेवारी २०२५मध्ये, अटकेनंतर साडेसहा वर्षांनी. खरं-खोटं न्यायालय ठरवेल. पण कुठला मेल कधी आणि कुठून आला, खात्यात कोण शिरलं, या नोंदींवर माणसाचं आयुष्य टांगलेलं असतं, एवढं तरी यातून कळावं.

म्हणून विद्यापीठ असो, महापालिका असो की अनुदानित शिक्षणसंस्था, निविदेत चार अटी हव्यातच. एक, पत्ता संस्थेच्या नावाचा आणि त्याची नोंदणी संस्थेच्याच ताब्यात. दोन, सगळ्या पत्रव्यवहाराची एक प्रत कंपनीच्या बाहेर, संस्थेच्या स्वतःच्या साठवणीत. तीन, कंपनी सोडताना सगळे मेल दुसरीकडे उघडतील अशा स्वरूपात मिळणार, किती दिवसांत आणि किती खर्चात, हे आधीच करारात. चार, खात्यात कोण कधी शिरलं याच्या नोंदी जपायच्या आणि खातेदाराला पूर्वसूचना व प्रत दिल्याशिवाय कुठलंही खातं बंद करायचं नाही.

आणि ही निविदा ठरवणाऱ्या समितीत विद्यार्थ्यांचे, सफाई कामगारांचे, मागासवर्गीय कक्षाचे प्रतिनिधी बसले पाहिजेत. “त्यांना यातलं काय कळतं?” असं कुणी विचारेल. सर्व्हर कळत नसेल. पण एक मेल हरवला की काय हरवतं, ते त्यांच्याइतकं कुणालाच कळत नाही.

तोपर्यंत आपल्या हातात माहिती अधिकार आहे. आपल्या संस्थेकडे अर्ज करा. ईमेलच्या कराराची प्रत मागा, जुने मेल किती वर्षं ठेवता ते विचारा आणि बंद केलेल्या खात्यांचं काय झालं तेही विचारा. उत्तर कागदावर घ्या, आणि तो कागद जपून ठेवा.

जय भीम!