यादी मोठ्याने वाचा

प्रति,
मा. अधिष्ठाता, मेडिकल आणि मा. अधिष्ठाता, मेयो, नागपूर



अमेरिकेतले सर्जन डॉ. अतुल गावंडे यांचा विषय निघाला की आपण वैदर्भीय लगेच सांगतो, हे उमरखेड तालुक्यातल्या उटीचे! उटी खरे तर त्यांच्या वडिलांचे गाव. ते स्वतः जन्मले न्यूयॉर्कमध्ये. असो. पण हक्क सांगायचाच तर त्यांच्या कामावरही सांगावा, म्हणून हे पत्र.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची यादी काढली. त्या कामाचे नेतृत्व गावंडे यांच्याकडे होते. दिल्लीपासून टांझानियातल्या इफाकारापर्यंत आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली गेली. मोठी गुंतागुंत होणाऱ्या रुग्णांचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ वर आले, मृत्यू १.५ वरून ०.८ टक्क्यांवर. यादीत विचारले काय जाते? पेशंट हाच ना, बाजू कोणती, कशाची ॲलर्जी आहे का, अँटिबायोटिक चीर देण्याआधीच्या तासाभरात दिले का, पेशंटला ऑपरेशन थिएटरबाहेर (ओटी) नेण्याआधी गॉज आणि हत्यारे मोजली का. कुठल्याही इंटर्नला तोंडपाठ असावे असे प्रश्न.

तरीही २०१४ मध्ये कॅनडातल्या ऑन्टॅरिओचा अभ्यास आला. तिथे १०१ रुग्णालयांत यादी सक्तीची झाली होती, कागदावर पालन जवळजवळ शंभर टक्के, आणि मृत्यू वा गुंतागुंतीत म्हणावा असा फरक नाही. सरकारी कारभार जवळून पाहिलेल्या माणसाला याचे नवल वाटणार नाही. सक्ती झाली की खुणा आपोआप पडतात. शस्त्रक्रिया आटोपल्यावर एकाच पेनाने, एका दमात.

छापील फॉर्म आपल्याकडे असेलच. माझा प्रश्न फॉर्मचा नाही. चीर देण्याआधी ओटीतले सगळे खरोखर थांबतात का? आणि गॉजचा हिशेब जुळत नसेल तर सिस्टर प्राध्यापकांना "सर, थांबा" म्हणू शकते का? ज्या विभागात सरांपुढे निवासी डॉक्टर मान वर करत नाही, तिथे ही यादी नुसता कागद आहे.

नागपुरात आणखी एक अडचण आहे, ती जिनिव्हातल्या आरोग्य संघटनेत कुणाला सुचली नसेल. भूल देण्याआधीचा पहिला प्रश्न खुद्द पेशंटला विचारायचा असतो: नाव काय, ऑपरेशन कशाचे, कोणत्या बाजूचे. आपल्याकडे गडचिरोलीहून गोंडी आणि माडिया बोलणारे येतात, मेळघाटातून कोरकू, छिंदवाडा-बालाघाटहून हिंदी बोलणारे. घाबरलेला माणूस समोरच्या हिरव्या गाऊनकडे पाहून कशालाही "हो" म्हणतो. म्हणून "डाव्या पायाचे ना?" असे विचारू नये, "कोणता पाय, हात लावून दाखवा" असे म्हणावे. भाषा येत नसेल तर नातेवाइकाला दारापर्यंत बोलवावे. याला खर्च काहीच नाही.

आपण दोघांनी एक लेखी आदेश काढावा: यादी सिस्टर मोठ्याने वाचेल, उत्तर मिळेपर्यंत सर्जन हातात ब्लेड घेणार नाही, आणि थांबवणाऱ्यावर कुणी डाफरले तर त्याची विचारणा आपण स्वतः कराल. त्यानंतर महिन्यातून एकदा, न कळवता, ओटीत पाच मिनिटे उभे राहून ऐका. फाइल तपासू नका.

आपला,
एक नागपूरकर