स्फटिकाची जन्मनोंद

१९९४ साली योशितेरू माएनो आणि सहकाऱ्यांना स्ट्राँशियम रुथेनेटमध्ये अतिसंवाहकता आढळली, ती ०.९३ केल्व्हिनला. आज उत्तम स्फटिकात ती १.५ केल्व्हिनला सुरू होते. सूत्र तेच, फरक शुद्धतेचा. १९९८ मध्ये मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की अवशिष्ट रोधकता सुमारे १ मायक्रोओम-सेंटिमीटरवर पोहोचली, की या पदार्थातील अतिसंवाहकता नाहीशी होते. खोलीच्या तापमानाला तांब्याचीही रोधकता याहून जास्त असते!

हा स्फटिक वाढवणाऱ्यांना भट्टीचा स्वभाव ठाऊक असतो. फ्लोटिंग झोनमध्ये दिव्यांचा प्रकाश आरशांनी एकवटून कांडीचा अरुंद पट्टा वितळवला जातो. त्यातून रुथेनियम ऑक्साइड सतत उडते आणि क्वार्ट्झच्या नळीवर काळपट थर चढतो. म्हणून कांडीत रुथेनियम आधीच सुमारे १५ टक्के जास्त घालतात. ते पुरेसे उडाले नाही, तर धातूचे पातळ पापुद्रे स्फटिकात अडकतात आणि ३ केल्व्हिनच्या आसपासच अतिसंवाहकतेच्या खुणा दिसू लागतात. कांडीचा गाभा आणि कड यांतही फरक पडतो. तुकडा कुठून कापला हे मोजणाऱ्याला कळलेच नाही, तर त्या खुणांचा अर्थ तो कसा लावणार?

स्फटिक उत्तम असला तरी जोखीम उरतेच. १९९८ च्या एनएमआर मोजमापांत नाइट शिफ्ट संक्रमणाखाली बदलली नाही. त्रिक-युग्मनाच्या कल्पनेला त्यातून मोठा आधार मिळाला आणि तो वीस वर्षे टिकला. २०१९ मध्ये लॉस एंजेलिसच्या गटाने स्पंदांची ऊर्जा कमी करून पाहिले. शिफ्ट स्पष्ट घसरली. आधीच्या मोजमापांत स्पंदच नमुना तापवत होते. क्योटोच्या मूळ गटाने प्रयोग पुन्हा केला आणि ही घसरण मान्य केली. त्या प्रांजळपणाबद्दल आमच्या मनात नितांत आदर आहे.

म्हणून पुढील अंकापासून आम्ही प्रत्येक लेखासोबत स्फटिकाची जन्मनोंद मागणार आहोत: कच्च्या कांडीची घडण, वाढीचा वेग, वायूचा दाब, तुकडा कांडीच्या कोणत्या भागातला, अवशिष्ट रोधकता किती. स्पंद किंवा प्रवाह कमी-जास्त करून नमुना तापत नसल्याची खात्री केलेला आलेखही हवा. आणि भट्टीपाशी रात्र काढणाऱ्याचे नाव आभारात ढकलू नका. ते लेखकांच्या यादीत असले पाहिजे.