उपासना घरी पोहोचवायची, तर कॅमेरा कोणता घ्यावा?

माझी मावशी माळेगाव बुद्रुकला राहते. गुडघ्यांमुळे तिला गेली काही वर्षे दर रविवारी बारामतीपर्यंत चर्चला जाणे जमत नाही. पण रविवारची तिची तयारी तीच असते. लवकर अंघोळ, धुतलेली साडी, हाताशी ‘उपासना संगीत’ आणि स्टीलच्या डब्याला टेकवून ठेवलेला मोबाइल.

आधी मोबाइलवर पाठमोरी डोकी, फिरणारा पंखा आणि पार शेवटी अंगठ्याएवढे पाळक दिसायचे. मग मंडळीने वर्गणी काढून रिमोटवर चालणारा कॅमेरा घेतला. चित्र मोठे झाले, पण कॅमेरा एका जागी थांबेना. उपदेश रंगात आला, की तो पंख्याकडे जायचा, तिथून मागच्या बाकावर डुलकी घेणाऱ्या आजोबांवर. आवाज मात्र पहिल्यासारखाच, विहिरीतून आल्यासारखा. मावशी म्हणाली, “अरे, चेहरा आता छान दिसतो. पण बोलतात काय, ते कुठं कळतंय?”

ते चर्च कोणते, हे महत्त्वाचे नाही, कारण ही चूक अनेक ठिकाणी होते. दुकानात कॅमेरा निवडताना समितीचे लोक मोठ्या पडद्यावर चित्र पाहतात आणि झूमचा आकडा विचारतात. दर रविवारी तो चालवणार कोण आणि घरी बसलेल्याला हवे काय, हे दोन प्रश्न राहूनच जातात. माझ्या मते खरेदीची सुरुवात याच दोन प्रश्नांपासून व्हायला हवी.

हा प्रश्न आला कुठून?

मार्च २०२० च्या टाळेबंदीत राज्यातली सर्व धार्मिक स्थळे बंद झाली. ती १६ नोव्हेंबर २०२० ला, पाडव्याच्या दिवशी उघडली. दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेला उघडली. दर आषाढात बारामतीवरून पायी जाणारी तुकोबांची पालखीही त्या दोन वर्षांत एसटी बसने पंढरपूरला गेली. दर्शन, कीर्तन, मिस्सा, उपासना, सगळे मोबाइलवर आले.

दारे उघडली, तरी ज्यांना घराबाहेर पडता येत नाही, त्यांची गरज संपली नाही. आजारी, वृद्ध, बाळंतीण, रविवारीही पाळी असलेला कामगार, पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेली मुले, अशांसाठी हे प्रक्षेपण चालू राहिले पाहिजे. तेव्हा वेळ निभावून नेली, ती खिडकीत ठेवलेल्या मोबाइलवर. आता नीट व्यवस्था करायची, तर ती विचाराने करावी.

पीटीझेड म्हणजे काय?

पॅन, टिल्ट आणि झूम. म्हणजे कॅमेरा डावी-उजवीकडे वळतो, वर-खाली होतो आणि भिंगाने लांबचे जवळ आणतो. तो भिंतीवर किंवा छताला बसवलेला असतो आणि मागे बसलेला माणूस तो रिमोटने किंवा लॅपटॉपवरून चालवतो. उपासनेत मध्ये कोणी कॅमेरा घेऊन उभे राहत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

‘सीसीटीव्हीचाही फिरता कॅमेरा मिळतो, तोच बसवू,’ असे सुचवणारे भेटतात. त्या मोहात पडू नये. तो कॅमेरा राखणीसाठी असतो. त्याची हालचाल झटक्याने होते, बटण दाबल्यावर चित्र थोडे उशिरा हलते आणि चर्चच्या ध्वनियंत्रणेतला आवाज थेट त्यात घालण्याची चांगली सोय बहुधा नसते.

दुसरी गोष्ट त्याहून सरळ. चाळीस-पन्नास माणसांची मंडळी एका छोट्या खोलीत जमत असेल, तर पीटीझेडची गरजच नाही. तिपाईवरचा एक चांगला मोबाइल आणि पाळकांच्या कॉलरला लावलेला माइक पुरतो. उपासना दोन-तीन ठिकाणी घडत असेल, म्हणजे पुलपिट, प्रभुभोजनाचे मेज, गायकवृंद, बाप्तिस्म्याची जागा, आणि कॅमेरा लांब ठेवावा लागत असेल, तरच या खर्चाला अर्थ आहे.

झूम किती हवा?

विक्रेता २० पट, ३० पट म्हणतो. आधी टेपने अंतर मोजा. कॅमेऱ्याच्या जागेपासून पुलपिटापर्यंत पन्नास फूट, म्हणजे सुमारे १५ मीटर आहेत असे धरू. १२ पट झूमचा नेहमीचा कॅमेरा पूर्ण झूमवर त्या अंतरावरून साधारण पावणेदोन मीटर रुंदीचे चित्र देतो. त्यात पाळक कमरेपासून वर नीट दिसतात. २० पट झूममध्ये तेच चित्र मीटरभरापेक्षा कमी रुंद होते, म्हणजे फक्त चेहरा आणि खांदे. पाळक एक पाऊल बाजूला सरकले, की ते चौकटीबाहेर.

म्हणून पन्नास फुटांपर्यंत १२ पट पुरेसा आहे. जुन्या, लांबलचक दगडी चर्चमध्ये कॅमेरा मागच्या गॅलरीतच ठेवावा लागत असेल, तर २० पट घ्यावा. झूम ‘ऑप्टिकल’ आहे ना, हे मात्र विचारा. डिजिटल झूम लांबचे जवळ आणत नाही, आहे तेच चित्र ताणून मोठे करतो.

फोर-के साठी जास्त पैसे मोजण्याचीही मला गरज वाटत नाही. पाहणारी व्यक्ती मोबाइलच्या छोट्या पडद्यावर पाहते आणि तिच्या पॅकमध्ये दिवसाला दीड-दोन जीबी डेटा असतो. ७२० पिक्सेलचे साधे चित्र सुमारे दोन एमबीपीएस वेगाने पाहिले, तरी तासाभरात जवळपास एक जीबी संपतो.

वायर कोणती?

बसवल्यावर सर्वांत जास्त पश्चात्ताप वायरीचा होतो. साधी एचडीएमआय वायर दहा-पंधरा मीटरपुढे भरवशाची राहत नाही. चित्र मध्येच काळे होते. एसडीआय वायर शंभर मीटरच्या आसपास चालते. नेटवर्कची केबलही शंभर मीटर जाते, आणि कॅमेऱ्यात ‘पीओई’ सोय असेल, तर त्याच एका केबलमधून वीज, चित्र आणि रिमोटचे आदेश तिन्ही जातात. छताजवळ वेगळा प्लग पॉइंट काढावा लागत नाही. गावातल्या चर्चसाठी मला ही पद्धत सर्वांत सोयीची वाटते. वायफायवर चालणारा कॅमेरा टाळावा. मंडळी आत आली आणि शंभर मोबाइल खिशात जागे झाले, की तो अडखळू लागतो.

चित्रात पट्टे का दिसतात?

आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची आहे आणि अनेक दिवे तिच्या तालावर सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. काही कॅमेरे ६० आवर्तनांच्या देशांसाठी लावून येतात. मग चित्रात वर-खाली सरकणारे पट्टे दिसतात आणि लोक कॅमेरा खराब समजतात. सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ निवडा, फ्रेम २५ किंवा ५० ठेवा आणि शटर पन्नासांश किंवा शंभरांश सेकंदावर लावा. पट्टे बहुतेक वेळा जातात.

पुलपिटामागे मोठी खिडकी असेल, तर सकाळच्या उजेडात पाळकांचा चेहरा काळवंडतो. त्यावर महागडा कॅमेरा हा उपाय नाही. खिडकीला पडदा लावावा आणि समोरून एक दिवा सोडावा.

नेट आणि विजेचे काय?

चर्चला अपलोडचा वेग लागतो, डाउनलोडचा नाही. १०८० पिक्सेलचे प्रक्षेपण पाच एमबीपीएसच्या आसपास करायचे, तर अपलोड निदान दहाचा हवा. तो रविवारी उपासनेच्या वेळेलाच तपासा, मंगळवारी दुपारी नव्हे. तेवढा मिळत नसेल, तर ७२० वर समाधान माना. अडखळणाऱ्या सुरेख चित्रापेक्षा न थांबणारे साधे चित्र केव्हाही चांगले.

कॅमेरा, नेटवर्कचा स्विच, राउटर आणि लॅपटॉप एकाच इन्व्हर्टरवर घ्या. कॅमेऱ्याला जुन्या ट्यूबलाइटपेक्षाही कमी वीज लागते.

यूट्यूबवर पहिल्यांदा थेट प्रक्षेपण सुरू करताना परवानगी मिळायला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो. थेट मोबाइल ॲपवरून करायचे, तर वाहिनीला निदान ५० सबस्क्रायबर लागतात. लॅपटॉपवरून करताना ती अट नाही. हे सारे गुरुवार-शुक्रवारपर्यंत उरकावे.

पहिला खर्च आवाजावर

माझे ठाम मत असे, की पैसे कमी असतील तर आधी आवाज दुरुस्त करा, कॅमेरा नंतर घ्या. चित्र गेले, तरी उपदेश ऐकता येतो. आवाज गेला, तर हातात काहीच राहत नाही.

कॅमेऱ्यात असलेला माइक सभागृहातला घुमणारा आवाज पकडतो. मावशीला विहिरीतून ऐकू येत होते ते त्यामुळेच. मिक्सरमधून वेगळी वायर काढून आवाज थेट प्रक्षेपणात घाला. सभागृहातल्या स्पीकरचा आणि प्रक्षेपणाचा आवाज वेगवेगळा कमी-जास्त करता आला पाहिजे. शिवाय एक माइक मंडळीच्या दिशेने ठेवा. गीत सुरू झाल्यावर केवळ पेटी आणि एका गायकाचा आवाज आला, तर घरी बसलेला माणूस ऐकत राहतो. सगळ्यांचा आवाज आला, तर तोही गाऊ लागतो.

चालवणार कोण?

माळेगावहून फार लांब नाही, दौंड तालुक्यात केडगाव आहे. तिथे पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशन उभे केले, दुष्काळात निराधार झालेल्या मुली-बायकांना आसरा दिला. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सगळे बायबल सोप्या मराठीत आणले. १९२२ मध्ये त्या वारल्या. ते भाषांतर १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. छापखाना त्या काळाचे नवे यंत्र होते. पण ते काम आश्रमातल्या मुली शिकल्या, म्हणून ते यंत्र खऱ्या अर्थाने त्यांचे झाले.

कॅमेऱ्यालाही हीच कसोटी लावा. बसवून देणारा माणूस पुण्याला परत गेल्यावर रविवारी तो कोण चालवणार? एकाच हुशार मुलावर सगळे सोपवले, तर त्याची परीक्षा किंवा नोकरी आली, की प्रक्षेपण बंद पडते. तिघांना तरी शिकवा, आणि त्यात एक-दोन मुली असू द्या.

शिकवायचे फार नसते, जर ‘प्रीसेट’ नीट ठरवले असतील. प्रीसेट म्हणजे कॅमेऱ्याच्या लक्षात ठेवलेल्या जागा. रिमोटवर एक दाबले, की पुलपिट, दोन दाबले, की प्रभुभोजनाचे मेज, तीनला गायकवृंद, चारला समोरचा सगळा भाग. एवढे चार पुरेत. शास्त्रपाठ, उपदेश, गीत, प्रार्थना असा उपासनेचा क्रम ठरलेला असतो. तो कागदावर लिहून पुढे कोणते बटण ते मांडून ठेवले, तर आठवी-नववीतले मूलही कॅमेरा चालवेल. उपदेश चालू असताना झूम हलवायचा नाही, हा एक नियम मात्र कडक पाळावा.

आपोआप माणसामागे फिरणाऱ्या ‘ऑटो ट्रॅकिंग’वर मी पैसे घालणार नाही. व्यासपीठावर एकटा वक्ता असेल तिथे ते जमते. चर्चमध्ये पाळक, वाचक, दानाच्या थाळ्या नेणारे, सगळ्यांची ये-जा असते. कॅमेरा बिचारा भलत्याच्याच मागे जातो.

कोणाला दाखवू नये?

या प्रश्नावर दुकानदार काही सांगणार नाही; समितीनेच ठरवायचे आहे. २० पट झूमने शेवटच्या बाकावरच्या बाईच्या डोळ्यातले पाणीही दिसते. ती रडते आहे ते प्रार्थनेत, जगासमोर नव्हे. चर्चला कोण आले, कोण पहिल्यांदाच आले, प्रार्थनेसाठी कोण पुढे गेले, हे इंटरनेटवर कायमचे ठेवण्याचा अधिकार कोणाला नाही. त्यातून एखाद्याला घरी किंवा गावात त्रासही होऊ शकतो.

म्हणून कॅमेरा फक्त पुढच्या भागाकडे ठेवा. पाठमोरी माणसे दिसली तर हरकत नाही, चेहरे नकोत. लहान मुलांचा कार्यक्रम असेल, तर पालकांना आधी विचारा. आजाऱ्यांची नावे घेऊन प्रार्थना होते, तेव्हा आवाज बंद करा. ‘प्रक्षेपण चालू आहे’ अशी पाटी दारावर लावा आणि दोन बाक असे ठेवा, जे कॅमेऱ्यात कधीच येणार नाहीत. मंडळी लहान असेल, तर यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ हा पर्याय निवडून लिंक फक्त सभासदांच्या गटावर पाठवता येते.

खरेदीआधी एक परीक्षा

विक्रेत्याकडून कॅमेरा एका रविवारपुरता मागून घ्या. पक्के बिल, वॉरंटी आणि दुरुस्ती कुठे होते, हे लेखी घ्या. मग एक उपासना त्याच्यावर दाखवा आणि चालवायला मंडळीतलेच कोणी बसवा, विक्रेत्याचा माणूस नको.

सोमवारी समितीतल्या एकाने घरून पाहणाऱ्या सर्वांत वयस्कर सभासदाकडे चहाला जावे. चित्र कसे होते, असे विचारू नये. उपदेश कशावर होता, असे विचारावे. त्यांनी नीट सांगितला, तर कॅमेरा घ्या. नाही सांगता आला, तर तो परत करा आणि त्या पैशांतून आधी माइक आणा.