गोळी चालू, तपासणी बंद

२०२१ च्या मे महिन्यात काळी बुरशी घराघरात माहीत झाली. करोनातून उठलेल्यांचे डोळे गेले, जबडे काढावे लागले. वाढलेली साखर आणि त्यावर स्टेरॉइडचा मारा, हे त्यामागचं मोठं कारण होतं. लाट ओसरली, चर्चाही ओसरली. पण मेंदू आणि मज्जातंतूंच्या आजारासाठी ज्या बायका वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेतात, त्यांचं काय?

मायस्थेनिया ग्रेविस घ्या. पापणी जड होते, घास गिळवत नाही, संध्याकाळी केस विंचरायला हात वर जात नाही. तरुण वयात हा आजार बायकांनाच जास्त गाठतो. मल्टिपल स्क्लेरॉसिसचंही तेच. (घरचे त्याला आधी आळसच म्हणतात!) शरीराची प्रतिकारशक्ती आपल्यावरच उलटलेली असते, म्हणून ती दाबणारी औषधं द्यावी लागतात.

अमेरिकेत मल्टिपल स्क्लेरॉसिसवरचं नॅटॅलिझुमॅब २००४ मध्ये आलं आणि मेंदूच्या जीवघेण्या संसर्गामुळे २००५ मध्ये मागे घ्यावं लागलं. २००६ मध्ये ते परत आलं, पण प्रत्येक रुग्णाची नोंद आणि नियमित पाहणी या अटीवर. म्हणजे औषध तेच, बदलली ती देखरेख.

आपल्याकडे घोडं नेमकं इथंच अडतं. मोठ्या शहरातल्या डॉक्टरांची चिठ्ठी एकदा मिळाली, की गावातल्या मेडिकलमधून तीच गोळी महिनोन्‌महिने येत राहते. अ‍ॅझाथायोप्रिन घेणारीच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि लिव्हर सुरुवातीला वरचेवर, पुढेही ठरावीक अंतराने तपासावं लागतं. त्यात युरिक अ‍ॅसिडसाठी कुणी अ‍ॅलोप्युरिनॉल लिहून दिलं, तर पेशी धोकादायक घसरू शकतात. रिटुक्सिमॅबआधी कावीळ ‘बी’ची तपासणी हवीच. दबलेला टीबीही डोकं वर काढतो. आपल्या देशात ही भीती पुस्तकी नाही. साधा तापसुद्धा अंगावर काढायचा नाही.

उलट टोकही आहे. तोंड सुजलं, वजन वाढलं म्हणून कुणी बाई एका दिवसात स्टेरॉइड बंद करते. बरेच दिवस घेतलेली गोळी अशी तोडली, तर शरीर कोसळू शकतं. ती डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हळूहळूच उतरवायची.

आणि मूल हवं असेल तर? मायकोफिनोलेटमुळे गर्भपात होऊ शकतो, बाळात व्यंग राहू शकतं. औषध बदलून काही आठवडे जाऊ द्यावे लागतात. पण तपासणीच्या खोलीत सासूबाई आणि नवरा शेजारी उभे असताना हा प्रश्न विचारायचा कसा? डॉक्टरांनीच दोन मिनिटं बाकीच्यांना बाहेर बसवलं, तर तिला तोंड उघडता येईल.